उंदीर गप्प का बसला? वनस्पतींतून मेंदूची औषधं शोधताना प्राण्याचं वागणं कसं वाचावं

तासाभरापूर्वी अर्क दिलेला उंदीर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग आखडून बसला आहे. या कामात नव्याने आलेला विद्यार्थी वहीत लिहितो, "शामक परिणाम दिसला." मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच एका ओळीची. त्या उंदराला झोप आली असेल. भीती वाटत असेल. पोटात दुखत असेल. अंग गार पडलं असेल, स्नायू सैल झाले असतील, नाहीतर खरोखरच मेंदूतली एखादी यंत्रणा मंदावली असेल. वरवर पाहिलं तर सगळं सारखंच दिसतं. त्या गप्प बसण्याचं कारण पायरीपायरीने कसं शोधायचं, हे या लेखात सांगतो.

वागणुकीवरूनच शोध का घ्यायचा, हा प्रश्न नवे लोक हमखास विचारतात. एखादं प्रथिन नेमकं ठाऊक असेल तर परीक्षानळीत हजारो रेणू त्यावर तपासता येतात. पण चिंता, अपस्मार, नैराश्य, स्मृतिभ्रंश यांत कोणतं एक प्रथिन पकडायचं हेच बहुतेक वेळा स्पष्ट नसतं. शिवाय वनस्पतीच्या अर्कात शेकडो रेणू असतात. त्यांतला कोणता आतड्यातून रक्तात जातो, यकृतातून सुटतो, मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तिथे काही करतो, या सगळ्या प्रश्नांना जिवंत प्राणी एकदम उत्तर देतो. ते उत्तर नीट वाचणं मात्र आपल्या हाती असतं.

नीट वाचलं तर काय हाती लागतं, याचं उदाहरण सर्पगंधेचं. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाचा रक्तदाब आणि उन्माद यांवरचा उपयोग वैद्यकीय नियतकालिकात मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. रिसर्पिन दिलेला प्राणी निपचित पडतो, पापण्या मिटून घेतो. कोणीही त्याला 'शांत झाला' म्हणून सोडून दिलं असतं. पण १९५७ मध्ये आर्विद कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा निपचित सशांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते द्रव्य, टोचलं आणि ससे उठून हालचाल करू लागले. त्या निपचितपणामागे डोपामिनची, म्हणजे मेंदूतल्या एका संदेशवाहक रेणूची, उणीव होती. पार्किन्सनच्या आजारावरच्या उपचाराचा रस्ता तिथून निघाला आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळालं. शांत दिसणारा प्राणी प्रत्यक्षात हलूच शकत नव्हता. हा फरक मनात पक्का ठेवा.

आधी प्रश्न, मग वनस्पती

"ही वनस्पती मेंदूसाठी चांगली आहे का?" या प्रश्नावर प्रयोग बेतता येत नाही. "या अर्काने झटके येण्याचं प्रमाण कमी होतं का?" यावर बेतता येतो. वनस्पती निवडण्याच्या वाटा तीन: परंपरेतला उपयोग, आधीच ठाऊक असलेल्या औषधी वनस्पतींचे नातलग आणि सरसकट गोळा केलेला साठा. पारंपरिक उपयोगाचा आधार घेणार असाल तर मूळ नोंदीत कोणता भाग, कोणत्या ऋतूतला, पाण्यात उकळून की मद्यात भिजवून, हे सगळं वाचा. पानांच्या काढ्याची ख्याती असताना मुळाचा मिथेनॉलमधला अर्क तपासणं म्हणजे वेगळीच वनस्पती तपासण्यासारखं आहे.

वनस्पतीची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाकडून पक्की करून घ्या. फूल किंवा फळ असलेली फांदी दाबून, वाळवून, क्रमांक देऊन हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा करा. एकाच स्थानिक नावाने चार वनस्पती ओळखल्या जातात आणि बाजारातल्या वाळलेल्या मुळांत सर्रास भेसळ असते. दोन वर्षांनी निकाल जुळेनासे झाले की तो हर्बेरियम नमुना हाच एकमेव साक्षीदार उरतो.

परवानग्या याच टप्प्यावर घ्यायच्या, नंतर नाही. २०१४ पासून लागू असलेल्या नागोया करारानुसार ज्या देशातली वनस्पती आणि ज्या समाजाचं ज्ञान, त्यांची आधी संमती आणि लाभात वाटा ठरवणं अपेक्षित असतं. प्राण्यांच्या प्रयोगासाठी संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी लागते. समितीचा अर्ज ही कटकट समजू नका. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं, म्हणजे पर्याय असेल तर प्राणी वापरू नका, संख्या कमी ठेवा, त्रास कमी करा, ही त्या अर्जाच्या गाभ्याशी असतात. प्राण्याचं वजन किती घटलं किंवा कोणती लक्षणं दिसली की प्रयोग तिथेच थांबवायचा, हे आधी कागदावर लिहा. ऐन वेळी, हातात आकडे हवे असताना, माणूस असा निर्णय नीट घेत नाही.

अर्क तयार करताना

सावलीत वाळवणं, कमी उष्णतेत दळणं, द्रावकात भिजवणं, गाळणं, रोटरी इव्हॅपोरेटरवर द्रावक उडवणं, उरलेला चिकट गोळा तोलून उणे वीस अंशांवर ठेवणं, एवढीच ही प्रक्रिया. इथल्या तीन गोष्टींनी मला पुढे महिनोन्महिने छळलं आहे, म्हणून त्या जरा सविस्तर सांगतो.

एक, उरलेलं द्रावक. क्लोरोफॉर्म किंवा मिथेनॉल थोडंसं जरी अर्कात राहिलं तरी प्राणी सुस्तावतो आणि श्रेय वनस्पतीला जातं. म्हणून रिकाम्या फ्लास्कमध्ये तेच द्रावक तितकंच घेऊन, तसंच उडवून, जे काही उरेल ते एका गटाला द्या. हा 'रिकाम्या अर्काचा' गट ठेवायला फारसा खर्च येत नाही आणि पुढची मोठी चूक टळते.

दोन, माध्यम. बहुतेक अर्क पाण्यात विरघळत नाहीत. मग अर्धा टक्का कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, थोडं ट्वीन-८० किंवा डीएमएसओ वापरतात. यांतल्या कशाचाही स्वतःचा परिणाम असू शकतो, म्हणून कंट्रोल गटाला, म्हणजे तुलनेसाठी अर्क न देता ठेवलेल्या गटाला, नुसतं पाणी द्यायचं नाही. तंतोतंत तेच माध्यम द्यायचं.

तीन, टॅनिन आणि सॅपोनिन, म्हणजे वनस्पतींतली तुरट आणि फेसाळ द्रव्यं. टॅनिन प्रथिनांना चिकटतात, त्यामुळे परीक्षानळीतल्या जवळपास प्रत्येक चाचणीत काहीतरी 'परिणाम' दाखवतात. सॅपोनिन पेशींची आवरणं फोडतात; माशांच्या कल्ल्यांना तर ते फार घातक असतात. अर्क पाण्यात हलवल्यावर बराच वेळ टिकणारा फेस आला तर सॅपोनिनचा संशय घ्या आणि तसं वहीत लिहून ठेवा. माशांची पिल्लं निपचित पडली की ही नोंद कामी येईल.

मात्रेचं गणित

उंदराला तोंडाने द्यायचं द्रव साधारण प्रति किलो वजनाला १० मिलिलिटर धरतात. म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला पाव मिलिलिटर. प्रति किलो २०० मिलिग्रॅम अशी मात्रा द्यायची असेल तर त्या पाव मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम अर्क हवा, म्हणजे द्रावण प्रति मिलिलिटर २० मिलिग्रॅमचं. रोज सकाळी प्रत्येक उंदीर तोला, कालचं वजन वापरू नका.

आता हीच मात्रा माणसाच्या मापात आणून बघा. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने उंदराची मात्रा १२.३ ने भागतात. प्रति किलो २०० मिलिग्रॅमचे सुमारे १६ मिलिग्रॅम होतात. ६० किलोच्या माणसाला जवळपास एक ग्रॅम अर्क. हे शक्य कोटीतलं आहे. पण परिणाम प्रति किलो २००० मिलिग्रॅमलाच दिसत असेल तर माणसाला दहा ग्रॅम सुका अर्क द्यावा लागेल. अशा निकालावर वर्ष घालवण्याआधी थांबून विचार करा.

विषारीपणा तपासायला पूर्वी एलडी-५० चाचणीत, म्हणजे निम्मे प्राणी मरतात ती मात्रा काढण्याच्या चाचणीत, प्राण्यांचे गटच्या गट मारले जायचे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यासाठीची जुनी मार्गदर्शिका ४०१ ही २००२ मध्ये रद्द केली. आता ४२५ क्रमांकाच्या पद्धतीत एकेक प्राणी घेऊन, त्याचं काय होतं ते पाहून पुढची मात्रा ठरवतात. मुख्य प्रयोगात किमान तीन मात्रा ठेवा. परिणाम मात्रेबरोबर वाढताना दिसला पाहिजे. फक्त मधल्याच मात्रेला सुंदर परिणाम आणि खालीवर काही नाही, असं असेल तर आनंद मानण्याआधी तो प्रयोग पुन्हा करा.

पहिले काही दिवस फक्त बघायचं

यंत्रांकडे धावू नका. १९६२ मध्ये मेलोन आणि रोबिशॉ यांनी कच्चे वनस्पती-अर्क तपासण्यासाठी निरीक्षणाची एक पद्धतशीर यादी मांडली आणि १९६८ मध्ये सॅम्युएल अर्विन यांनी उंदरांसाठी अशीच सविस्तर निरीक्षण-पद्धत प्रसिद्ध केली. दोन्हींची रीत एकच: अर्क देण्याआधी आणि दिल्यानंतर ठरावीक वेळांना, उदाहरणार्थ १५, ३०, ६०, १२०, १८० मिनिटांनी आणि दुसऱ्या दिवशी, तोच प्राणी तोच क्रम धरून तपासायचा आणि प्रत्येक लक्षणाला गुण द्यायचे.

आधी हात न लावता बघा. उंदीर पिंजऱ्यात कुठे आहे, किती फिरतो, मागच्या पायांवर उभा राहतो का, केस ताठ उभे आहेत का, पापण्या किती मिटल्या आहेत, श्वास कसा आहे. मग कानाच्या पाळीला हलकेच काडी लावा, कान झटकतो का पाहा. उताणा करून सोडा, लगेच पालथा होतो का पाहा. आडव्या तारेला पुढचे पंजे लावा, पकड किती वेळ टिकते ते मोजा. बाहुल्या, लाळ, शेवटी शरीराचं तापमान. तापमान कधीच गाळू नका. तीन-चार अंशांनी गार पडलेला उंदीर कुठल्याही चाचणीत मंदच दिसणार.

काही खुणा इतक्या बोलक्या असतात की त्या एकदा डोळ्यांत बसल्या की विसरत नाहीत. शेपूट इंग्रजी एस अक्षरासारखी पाठीवर ताठ वळली तर मॉर्फिनच्या जातीचा परिणाम असण्याची शक्यता मोठी. पाण्यातून बाहेर आल्यासारखं उंदीर डोकं झटक्यात डावी-उजवीकडे फिरवत असेल तर सेरोटोनिनच्या २ए ग्राहकाकडे, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या रिसेप्टरकडे, लक्ष द्या. पेयोटी निवडुंगातलं मेस्कलिन असं करतं. पापण्या पडल्या, अंग गार, हालचाल बंद असेल तर रिसर्पिन आठवा. लाळ गळते, थरथर आहे, बाहुल्या बारीक झाल्या असतील तर असेटिलकोलिन हा संदेशवाहक रेणू तोडणारं एन्झाइम अडलं असावं. कॅलाबार बीमधल्या फायसोस्टिग्मिनने हेच होतं.

वेदना ओळखायला शिका, कारण वेदनेतला उंदीर अगदी शामक औषध दिल्यासारखा दिसतो. २०१० मध्ये उंदरांच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्यात पाच गोष्टी बघतात: डोळे आवळलेले, नाकाचा फुगवटा, गालाचा फुगवटा, कानांची ठेवण, मिशांची दिशा. एक अर्क आम्ही पोटाच्या पोकळीत टोचत होतो. उंदीर छान शांत बसायचे, ओपन फील्डमधली, म्हणजे मोकळ्या रिंगणातली, हालचाल निम्म्यावर आलेली. आठवड्याभराने मी कॅमेरा खाली, पिंजऱ्याच्या पातळीला लावला. उंदीर पोट जमिनीला घासत होते, मागचा पाय ताणून अंग लांब करत होते, डोळे बारीक झालेले. ती पोटातली जळजळ होती. तीच मात्रा तोंडाने दिली तर उंदीर नेहमीसारखे हिंडत होते. त्यानंतर कच्चा अर्क पोटात टोचून मिळालेला शामक निकाल मी एकट्याच्या जोरावर कधीच ग्राह्य धरला नाही, आणि तुम्हीही धरू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

चाचणी निवडताना तिचं दुसरं उत्तर आधी शोधा

प्रत्येक चाचणी एक अरुंद प्रश्न विचारते, आणि तिला हवं ते उत्तर भलत्याच कारणानेही मिळू शकतं. ते भलतं कारण कोणतं, हे चाचणी लावण्याआधी लिहून काढा.

चिंतेसाठी एलिव्हेटेड प्लस मेझ घ्या. जमिनीपासून उंच, अधिकच्या चिन्हासारखी चौकट, दोन बाहू भिंतींचे आणि दोन उघडे. उंदराला पाच मिनिटं सोडतात. घाबरलेला उंदीर भिंतींच्या आड राहतो. डायझेपाम हे चिंता कमी करणारं औषध दिलेला उघड्या बाहूंवर जास्त वेळ घालवतो. पण नुसतं उत्तेजक दिलं तरी उंदीर सगळीकडेच जास्त धावेल आणि उघड्या बाहूंवर जास्त वेळा दिसेल. म्हणून सगळ्या बाहूंमधल्या एकूण फेऱ्या मोजायच्याच. आणखी एक गोष्ट नव्यांना कोणी सांगत नाही: एकदा मेझवर गेलेल्या उंदरावर दुसऱ्या वेळी डायझेपामचा परिणाम जवळजवळ दिसत नाही. तोच उंदीर पुन्हा वापरू नका.

नैराश्यासाठी १९७७ मध्ये पोर्सोल्ट यांनी आणलेली पोहण्याची चाचणी आणि १९८५ ची शेपटीने टांगण्याची चाचणी वनस्पतींच्या शोधनिबंधांत उदंड दिसते. न हलण्याचा वेळ कमी झाला म्हणजे 'नैराश्य कमी झालं' असं सरळ लिहितात. माझं मत स्पष्ट आहे: सहा मिनिटांच्या पोहण्यावरून नैराश्याबद्दल बोलू नये. प्राणी हालचाल थांबवून शक्ती वाचवायला शिकतो, असंही त्याचं वाचन करता येतं. कॅफिनसारखं उत्तेजकही न हलण्याचा वेळ कमी करतं. अनेक संस्था ही चाचणी आता टाळतात, आणि त्यांचं मला पटतं.

झटक्यांच्या चाचण्या जास्त भरवशाच्या. पेंटिलीनटेट्राझोल हे झटके आणणारं द्रव्य टोचल्यावर किती वेळाने झटका येतो ते मोजतात, किंवा विजेचा झटका देऊन मागचे पाय ताठ होतात का ते पाहतात. १९३८ मध्ये मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांमध्ये विजेचे झटके वापरूनच फेनिटॉइन या अपस्मारावरच्या औषधाचा गुण दाखवला. तरीही लक्षात ठेवा, लेव्हेटिरासिटाम हे आज सर्रास वापरलं जाणारं अपस्मारावरचं औषध या दोन्ही जुन्या चाचण्यांत नापास होतं; दुसऱ्या प्रकारच्या मॉडेलमध्ये त्याचा गुण कळला. एका चाचणीत काही दिसलं नाही म्हणून अर्क फेकून देऊ नका. उलट झटके थांबले असतील तर रोटारॉडवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, तो उंदीर तोल सांभाळतो का ते पाहा. गाढ गुंगीनेही झटके थांबतात.

सगळ्यात फसवी चाचणी मला वाटते ती पेंटोबार्बिटालच्या झोपेची. उंदराला पेंटोबार्बिटाल देऊन झोपवायचं आणि आधी अर्क दिल्याने झोप लांबते का ते पाहायचं. झोप लांबली की 'अर्क मेंदूला शांत करतो' असं लिहिलं जातं. पण पेंटोबार्बिटालचे तुकडे यकृतात होतात. अर्काने यकृतातली एन्झाइम अडवली, तर औषध रक्तात जास्त वेळ राहतं आणि झोप आपोआप लांबते. मेंदूशी अर्काचा काही संबंध येत नाही. वनस्पतींत अशी एन्झाइम अडवणारी द्रव्यं खूप असतात. उपाय सोपा आहे: तोच प्रयोग बार्बिटालने करा. ते फारसं न मोडता लघवीतून बाहेर पडतं. बार्बिटालची झोपही लांबली तरच मेंदूकडे वळा.

स्मृतीच्या चाचण्यांत स्कोपोलामिन देऊन आधी विसर पाडतात. हे द्रव्य धोत्र्याच्या कुळातलं. मग असेटिलकोलिन वाढवणारा कोणताही पदार्थ हा विसर घालवतो. हिमफुलांच्या कंदातलं गॅलँटामिन, जे २००१ मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी मंजूर झालं, तेही त्याच वाटेचं. पण याचा अर्थ ही चाचणी मुख्यतः याच एका जातीची औषधं पकडते. स्मृतीच्या नव्या वाटेची अपेक्षा असेल तर चाचणीही वेगळी लागेल.

माशांची पिल्लं कधी वापरावीत

अर्काचे तुकडे पाडायला लागलो की द्रव्य पुरत नाही. हिशेब करून बघा. वाळलेल्या मुळात एखादं द्रव्य ०.०१ टक्का असेल तर एक किलो भुकटीतून जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅम मिळेल. प्रति किलो १०, ३० आणि १०० मिलिग्रॅम अशा तीन मात्रा, गटात १० उंदीर, प्रत्येकी २५ ग्रॅमचा. एका चाचणीला ३५ मिलिग्रॅम लागतात. तीन चाचण्यांत माल संपला. झेब्राफिशची पाच दिवसांची पिल्लं मात्र जेमतेम चार मिलिमीटरची असतात, ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एकेका खळग्यात २०० मायक्रोलिटर पाण्यात राहतात. रेणूभार ४०० धरला आणि १० मायक्रोमोलर तीव्रता ठेवली तर एका खळग्याला ०.८ मायक्रोग्रॅम पुरतं. अख्ख्या प्लेटला एका मिलिग्रॅमचा दहावा हिस्साही लागत नाही.

२०१० मध्ये दोन गटांनी वेगवेगळ्या प्रयोगांत ही वाट मोठी करून दाखवली: हजारो रेणू पिल्लांवर टाकले, दिवे चालू-बंद करताना त्यांची हालचाल कॅमेऱ्याने टिपली आणि सारख्या वागणुकीचे रेणू एकत्र मांडले. सारखं वागवणारे रेणू बहुतेक वेळा सारख्याच ग्राहकांवर काम करत होते. अनोळखी अर्काच्या हालचालीचा नकाशा ओळखीच्या औषधाच्या नकाशावर बसला, तर पुढे कुठे शोधायचं याचा अंदाज येतो.

इथेही निपचितपणा फसवतो. हिरवा, दाट अर्क टाकला की खळगा गढूळ होतो, कॅमेऱ्याला पिल्लू दिसत नाही आणि संगणक 'हालचाल शून्य' लिहितो. प्रत्येक प्लेटनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पिल्लं प्रत्यक्ष बघा: हृदय चालतंय का, शरीर वाकलंय का, पोहण्याची पिशवी फुगलेली आहे का. शेपटीला सुईने हलकेच स्पर्श केल्यावर ते झटकन पळालं पाहिजे. सॅपोनिनने मरू घातलेलं पिल्लू आणि झोपलेलं पिल्लू यांतला फरक या स्पर्शाने कळतो. मग अर्क धुऊन स्वच्छ पाण्यात ठेवा. तासाभरात हालचाल परत आली तर ते द्रव्य पुढे नेण्याजोगं. डीएमएसओ एका टक्क्याच्या खाली ठेवा. पिल्लू द्रव्य कातडीतून शोषतं, त्यामुळे आतडं आणि यकृत यांचा अडथळा इथे नीट तपासला जात नाही. त्यासाठी पुन्हा उंदराकडे यावंच लागतं. आणि लहान आहे म्हणून त्याला काही वाटत नाही असं धरू नका. युरोपीय संघाचा २०१० चा निर्देश स्वतः खाऊ लागलेल्या पिल्लांपासून संरक्षण देतो.

खोलीत कोण आहे, हेही लिहा

१९९९ मध्ये एडमंटन, पोर्टलंड आणि ऑल्बनी इथल्या तीन प्रयोगशाळांनी उंदरांच्या त्याच जाती, तीच उपकरणं, तेच वेळापत्रक ठेवून प्रयोग केले. तरी काही चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळेनुसार बदलले. २०१४ मध्ये दिसलं की प्रयोग करणारा पुरुष असेल तर त्याच्या नुसत्या वासानेही उंदरांवर ताण येतो आणि त्यांना वेदना कमी जाणवते. शेपटीने उचललेला उंदीर जास्त घाबरतो. नळकांड्यातून किंवा ओंजळीत उचललेला कमी. म्हणून कोणी हाताळलं, किती वाजता, खोलीत उजेड किती होता, हे सगळं नोंदवा. चाचणीआधी पिंजरे किमान अर्धा तास त्या खोलीत ठेवा. दोन उंदरांच्या मध्ये उपकरण पुसून कोरडं करा, आधीच्याचा वास राहता कामा नये.

कोणत्या उंदराला काय मिळालं हे गुण देणाऱ्याला ठाऊक नसावं. बाटल्यांवर सांकेतिक अंक दुसऱ्याने लावावेत आणि यादी लखोट्यात बंद असावी. अर्काचा रंग कळत असेल तर डोस देणारा आणि बघणारा वेगळा ठेवा. उंदीर गटांत चिठ्ठ्या टाकून वाटा. पिंजऱ्यातून आधी हाती येणारे उंदीर बहुधा मंद असतात आणि तेच पहिल्या गटात जातात. मुख्य मोजमाप कोणतं आणि गटात किती प्राणी, हे सुरुवातीआधी ठरवा. प्रयोग लिहिताना अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वांची २०२० ची सुधारित यादी शेजारी ठेवा. ओळखीच्या औषधाचा गट, चिंतेसाठी डायझेपामचा, प्रत्येक वेळी हवाच. त्या गटातही परिणाम दिसला नाही तर त्या दिवसाचा सगळा प्रयोग बाद.

अर्कापासून रेणूपर्यंत

परिणाम खरा वाटला की अर्क वेगवेगळ्या द्रावकांत वाटतात, प्रत्येक भाग पुन्हा वागणुकीवर तपासतात, जो चालतो तो क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे द्रव्यं वेगळी करणाऱ्या, स्तंभावर आणखी फोडतात. त्याआधी मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, ओळखीची द्रव्यं हुडकून काढा. वर्षभर खपून शेवटी कॅफिन हाती लागणं फार जिवावर येतं.

बऱ्याचदा तुकडे पाडता पाडता परिणाम नाहीसा होतो. द्रव्य स्तंभाला चिकटून राहिलं असेल, उष्णतेने मोडलं असेल किंवा दोन द्रव्यं मिळूनच काम करत असतील. सगळे भाग मूळ प्रमाणात परत मिसळून तपासा. मिश्रणात परिणाम परतला तर दोन-दोन भागांच्या जोड्या लावून पाहा. परतला नाही तर द्रव्य वाटेत हरवलं आहे, आणि ते कोणत्या टप्प्यावर हरवलं हे शोधायला प्रत्येक टप्प्याचा थोडा नमुना जपून ठेवलेला हवा. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक अर्काचा आणि भागाचा छोटा हिस्सा बंद कुपीत, तारीख घालून, अंधारात गार ठेवत चला. तसंच वेगळ्या ऋतूत, वेगळ्या जागी गोळा केलेल्या त्याच वनस्पतीचा ताजा अर्क घेऊन मुख्य चाचणी पुन्हा करा.

शुद्ध रेणू हाती आला की उंदराला तो देऊन पाव तास, अर्धा तास, एक तास, दोन तास, चार तास अशा वेळांना रक्तात आणि मेंदूत तो किती आहे ते मोजा. मग त्याच वेळांची हालचालीची नोंद शेजारी मांडा. मेंदूतली पातळी आणि वागणुकीतला बदल एकत्र चढत-उतरत असतील तर ग्राहकांच्या चाचण्यांसाठी तो रेणू औषधशास्त्रज्ञाकडे सोपवा. मेंदूत काहीच पोहोचलेलं नसेल आणि उंदीर तरीही गप्प असेल, तर त्याचं पोट, तापमान आणि चेहरा पुन्हा पहिल्यापासून तपासा.